घरभेदी फाईल

मंडळाच्या अंकातील या पानावर आपण मधुमेह, रक्तदाब, आरोग्यविमा, मुदतठेवी, मृत्युपत्र असे विषय नेहमी वाचतो. आज मी ज्या रोगाविषयी लिहिणार आहे तो माणसाला होत नाही, संगणकाला होतो. पण त्याची झळ मात्र घरातल्या पैशाला आणि रात्रीच्या झोपेला लागते. मी डॉक्टर नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. लिटिल इंडियात एका जुन्या दुकानघराच्या वरच्या मजल्यावर माझे हिशेबनिसाचे छोटे ऑफिस आहे. आजूबाजूच्या दुकानदारांची जमाखर्चाची कामे मी करतो. हा रोग माझ्याच संगणकाला झाला आणि त्यात माझी चूक होती. म्हणून हा लेख लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मी समजतो.

हकीकत अशी. गेल्या वर्षी गणपती झाल्यानंतरच्या एका रविवारी मी टेक्का मार्केटमधून मेथी आणि सुरण घेऊन ऑफिसात आलो. रविवार असल्यामुळे सेरंगून रोडवर नेहमीसारखी गर्दी होती. साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला होता. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करायची होती आणि त्यासाठी वडिलांच्या मागे राहिलेले जुने घर विकायचे ठरले होते. घर माझ्या नावावर, मी इथे आणि व्यवहार तिथे. तेव्हा भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवणे आले. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना हे काम कधी ना कधी करावेच लागते.

वकिलांकडून मसुदा मागवला असता तर दोन दिवस लागले असते. मी म्हटले, नमुना इंटरनेटवर मिळेलच. शोधल्यावर एका साध्याशा पानावर मला हवा होता नेमका तोच मसुदा असल्याचे लिहिले होते. उतरवून घेतला. ती झिप फाईल होती. तिच्यात एकच फाईल होती आणि तिचे नाव मी शोधासाठी टाईप केलेल्या शब्दांचेच होते. मला त्याचे कौतुकच वाटले! फाईलवर दोनदा टिचकी मारली. क्षणभर एक काळी चौकट चमकून गेली आणि पुढे काहीच उघडले नाही. फाईल खराब असावी असे समजून मी दुसरीकडून नमुना घेतला, ऑफिस बंद केले आणि घरी जेवायला गेलो.

फाईल खराब नव्हती. तिला जे काम नेमून दिले होते ते तिने चोख बजावले होते.

हा प्रकार आहे तरी काय?

संगणकाच्या या रोगाला ट्रोजन म्हणतात. ग्रीक कथेत ट्रॉय नगरीच्या लोकांनी वेशीबाहेरचा लाकडी घोडा आपणच ओढून आत नेला आणि रात्री त्याच्या पोटातून शत्रूचे सैनिक बाहेर पडले, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे १६६३ साली महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला, तेव्हा काही माणसे लग्नाच्या वरातीच्या मिषाने पुण्यात शिरली असे सांगतात. युक्ती त्याच जातीची. तिथे ती स्वराज्यासाठी होती, इथे चोरीसाठी आहे.

ट्रोजनचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातला स्क्रिप्टचा प्रकार आपल्यासारख्या घरगुती माणसाने विशेष समजून घ्यावा, कारण त्याला फार थोडी सामग्री लागते. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुराच्या ओळींत लिहिलेल्या आज्ञांची यादी. 'अमुक ठिकाणी जा, तमुक फाईल आण, ती इथे ठेव, ती चालव' अशा त्या आज्ञा असतात. हे लिखाण एखाद्या चिठ्ठीएवढेच असते. चिठ्ठी स्वतः काहीच करू शकत नाही. ती वाचून त्याप्रमाणे वागणारा कोणीतरी लागतो आणि तो आपल्या संगणकात आधीपासूनच बसलेला असतो.

विंडोज असलेल्या संगणकात असे दोन-तीन विश्वासू नोकर आहेत. एकाचे नाव विंडोज स्क्रिप्ट होस्ट. तो १९९८ सालच्या विंडोजपासून सोबत येतो आणि व्हीबीएस व जेएस अशी शेपटी असलेल्या फाईली वाचतो. दुसरा पॉवरशेल, तो अधिक हुशार आणि अधिक ताकदवान. मोठ्या कंपन्यांत शेकडो संगणकांची देखभाल करणाऱ्यांना त्यांचा फार उपयोग होतो, म्हणून ते तिथे ठेवलेले आहेत. त्यांच्या हाती चिठ्ठी पडली की ते एवढेच पाहतात की चिठ्ठी मालकाच्या हातून आली आहे. मालकाने ती समजून दिली की फसून दिली, हे ओळखण्याची सोय त्यांच्याकडे नाही. मी त्या रविवारी दोनदा टिचकी मारली, ती माझी सहीच झाली.

अँटीव्हायरस मग काय करीत होता, असे मला अनेकांनी विचारले. अँटीव्हायरस हा दारावरचा पहारेकरी. तो परक्या माणसांना अडवतो आणि ओळखीच्या चोरांची छायाचित्रे त्याच्या खिशात असतात. इथे परका कोणी आतच आलेला नसतो. काम करणारा नोकर घरचा असतो आणि चिठ्ठीतील अक्षर दर वेळी बदललेले असते. आजकालचे चांगले अँटीव्हायरस नोकराच्या वागण्यावरही नजर ठेवतात आणि पुष्कळदा पकडतातही. पण प्रत्येक वेळी पकडतीलच असे नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रेमपत्र

ही युक्ती नवी आहे असे समजू नये. ज्यांनी २००० साली इथल्या ऑफिसांत नोकरी केली आहे त्यांना ४ मे हा गुरुवार आठवत असेल. 'आय लव्ह यू' असा विषय लिहिलेले ई-मेल ओळखीच्याच माणसाकडून येत होते आणि सोबत 'तुझ्यासाठी प्रेमपत्र' अशा अर्थाच्या नावाची फाईल होती. नावाच्या शेवटी टीएक्सटी असे दिसे, म्हणजे साधा मजकूर. त्याच्याही पुढे व्हीबीएस ही खरी शेपटी होती. पण ओळखीच्या शेपट्या झाकून ठेवण्याची विंडोजची सवय असल्यामुळे ती कोणाला दिसली नाही.

साहेबांचे प्रेमपत्र आले तर ते उघडून पाहण्याचा मोह कोणाला आवरेल? फाईल उघडली की ती स्क्रिप्ट आधी ई-मेलच्या पत्त्यांच्या वहीतील सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवीत असे, मग छायाचित्रांच्या फाईलींवर स्वतःचाच मजकूर लिहून त्या कायमच्या नष्ट करीत असे आणि वर इंटरनेटवरून पासवर्ड चोरणारा एक ट्रोजन आणण्याचा प्रयत्न करीत असे. उगम आपल्या शेजारचाच, मनिलातला. आशियातील ऑफिसे सर्वांत आधी उघडतात. दिवस जसा पश्चिमेकडे सरकला तशी ती साथ युरोप आणि अमेरिकेपर्यंत पोहोचली. ज्या फिलिपिनो तरुणावर संशय होता त्याला सोडून द्यावे लागले, कारण त्या देशात अशा गुन्ह्याला लागू होईल असा कायदाच तेव्हा नव्हता. तो पुढे जूनमध्ये झाला. सिंगापूरने संगणकाच्या गैरवापराविरुद्धचा कायदा १९९३ सालीच केला होता.

तेव्हापासून कुलपे सुधारली आहेत. इंटरनेटवरून आलेल्या वर्ड आणि एक्सेलच्या फाईलींत दडवलेल्या आज्ञा आपोआप अडवण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ साली लागू केले. प्रेमपत्र ज्या भाषेत लिहिले होते ती व्हीबीस्क्रिप्ट भाषा विंडोजमधून हळूहळू काढून टाकण्याचे त्यांनी २०२३ साली जाहीर केले. पण एक वाट बुजली की चोर दुसरी शोधतो. त्या दोन नव्या वाटा आपण पाहू.

पहिली वाट : हवा तो कागद

पहिल्या वाटेने मीच गेलो. दुसऱ्यांच्या चांगल्या वेबसाईटांत गुपचूप शिरून तिथे करारनामे, भाडेपत्रे आणि मुखत्यारपत्रे यांच्या नावांची खोटी पाने उभी करायची आणि ती शोधयंत्रात वरच्या क्रमांकावर येतील अशी व्यवस्था करायची. तुम्ही जे शब्द शोधले त्याच नावाची झिप फाईल तुम्हाला मिळते आणि आत जेएस शेपटीची स्क्रिप्ट असते. गुटलोडर नावाची एक प्रसिद्ध टोळी-प्रणाली गेली काही वर्षे नेमके हेच करते आहे. कायदेशीर कागद शोधणारा माणूस घाईत असतो, त्याच्याजवळ पैशाचा व्यवहार असतो आणि मिळालेली फाईल उघडायला तो उत्सुक असतो. चोराला आणखी काय हवे?

दुसरी वाट : 'मी माणूस आहे'

दुसरी वाट २०२४ पासून फार वापरात आली आहे. एखादे पान उघडताना 'तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चौकट आपण रोज पाहतो. खोट्या पानावर ही चौकट थोडी वेगळी वागते. ती सांगते की विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर दाबा. ऐकायला हे निरुपद्रवी वाटते. खरा अर्थ असा : पहिल्या कळांनी नोकराला हुकूम देण्याची खिडकी उघडते, दुसऱ्या कळांनी त्या पानाने तुमच्या नकळत तयार ठेवलेली चिठ्ठी तिथे चिकटते आणि एंटर म्हणजे तुमची सही. बहुधा पॉवरशेलला मिळालेली ती आज्ञा बाहेरून पासवर्ड-चोर प्रणाली आणते. पुष्कळदा ती डिस्कवर फाईल म्हणून उतरतही नाही, नुसती स्मरणात चालते.

ल्युमा नावाची चोर-प्रणाली अशाच मार्गाने असंख्य संगणकांत शिरली होती. मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपासयंत्रणांनी मे २०२५ मध्ये तिचे जाळे मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केले. पण युक्ती शिल्लक आहेच. मॅक वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. त्यांना 'टर्मिनल' उघडून एक ओळ चिकटवायला सांगतात, एवढाच फरक.

आत शिरल्यावर ती काय करते?

प्रथम ती आपली पुन्हा येण्याची सोय करते. संगणक सुरू झाला की किंवा ठरावीक वेळाने आपण पुन्हा चालावे, अशी नोंद ती विंडोजच्या कामांच्या वेळापत्रकात करून ठेवते. मग ती बाहेरच्या सूत्रधाराशी संपर्क साधते आणि पुढची चोर-प्रणाली बोलावते.

त्यानंतर चोरी. ब्राउझरने आपल्या सोयीसाठी जपून ठेवलेले पासवर्ड, कार्डांचे क्रमांक, डेस्कटॉपवर ठेवलेल्या पासपोर्टच्या प्रती, हे सारे काही मिनिटांत बाहेर जाऊ शकते. सर्वांत घातक चोरी कुकींची. ई-मेल एकदा उघडले की दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही, कारण ब्राउझरजवळ एक प्रवेशपास ठेवलेला असतो. तो पास चोराच्या हाती लागला तर पुष्कळ ठिकाणी त्याला ना पासवर्ड लागतो, ना फोनवर येणारा ओटीपी. आपण दाराला दोन कुलपे लावावीत आणि चोराने आपला ओळखपत्राचा बिल्लाच पळवावा, तसे हे आहे.

आरोग्याच्या कागदांनाही ही भीती आहेच. २०१८ साली सिंगहेल्थमधून १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली. त्यांपैकी सुमारे १ लाख ६० हजार रुग्णांच्या औषधांच्या नोंदीही गेल्या आणि त्यात तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग हेही होते. चौकशी समितीच्या अहवालात असे आढळले की चोरांनी जवळजवळ एक वर्ष आधीच कर्मचाऱ्यांच्या साध्या संगणकांत पाय रोवला होता, आणि तोही बहुधा फसव्या ई-मेलच्या वाटेने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत अशीच घातक प्रणाली घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये देशोदेशीच्या एटीएममधून आणि परदेशी खात्यात वळवून काढले गेले. एवढ्या मोठ्या संस्थांची ही गत झाली, तिथे आपल्या टेबलावरच्या संगणकाची काय कथा!

माझे काय झाले?

मंगळवारी सकाळी मला सूचना आली की तुमचे ई-मेल एका अनोळखी ठिकाणाहून उघडले गेले आहे. इथे मी दोन चुका केल्या. एक म्हणजे मी त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलला, म्हणजे नवी किल्लीही चोरासमोरच बनवली. दुसरी चूक त्याहून मोठी. मी कोणालाच सांगितले नाही. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. मंडळातल्या ज्येष्ठांसाठी 'कॉम्प्युटरशी मैत्री' हा वर्ग मीच दोन वर्षे घेतला होता. फसलो हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

माझ्या गप्प बसण्याच्या त्या दोन दिवसांत चोर माझी पत्रे वाचत होता. गुरुवारी रात्री भावाचा फोन आला.

"दादा, इसाराचे पैसे घालायला तू खाते बदललेस का? घर घेणाऱ्यांना तुझी मेल आली आहे, मलाही तिची प्रत आहे. ते उद्या सकाळी चार लाख भरणार आहेत."

"मी काहीच पाठवलेले नाही," मी म्हणालो.

"मला वाटलेच. तू मला 'डिअर ब्रदर' कधीपासून म्हणायला लागलास?"

आम्ही भावंडे एकमेकांना मराठीतच लिहितो. चोराने माझी सही उचलली होती, व्यवहाराची रक्कम त्याला ठाऊक होती, घेणाऱ्यांचे नावही बरोबर होते. फक्त घरातली भाषा त्याला येत नव्हती. तेवढ्यावर आईच्या शस्त्रक्रियेचे पैसे वाचले. मात्र आता यंत्रांना मराठीही उत्तम लिहिता येते. तेव्हा पुढच्या वेळी एवढ्या आधारावर विसंबून चालणार नाही.

सौ.ला मी त्याच रात्री सगळे सांगितले. ती रागावली नाही. "दोन दिवस जेवत का नव्हतात ते आत्ता कळले," एवढेच म्हणाली आणि तिने स्वतःच्या फोनवरून बँकेचा नंबर लावून माझ्या हातात दिला.

बाकीचे नुकसान झालेच. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेल्या कार्डावर साडेआठशे डॉलरची खरेदी झाली होती. तक्रारीनंतर त्यातले काही पैसे परत मिळाले. संगणकात माझ्या गिऱ्हाइकांचे हिशेबही होते. मी प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन सांगितले की तुमचे कागद बाहेर गेले असण्याचा संभव आहे. बहुतेकांनी समजून घेतले. एका वृद्ध दुकानदारांनी मात्र, ज्यांच्या वह्या मी अकरा वर्षे लिहीत होतो, शांतपणे चहा पाजला आणि वह्या परत मागितल्या. ते नुकसान जमाखर्चात कोणत्या रकान्यात मांडायचे, ते मला अजून कळलेले नाही.

लागण झाली तर तातडीचे उपचार

१. आधी संगणकाचे इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा. सूत्रधाराशी बोलणे थांबले की पुढची हानी थांबते.

२. दुसऱ्या, निर्धोक फोनवरून किंवा संगणकावरून पासवर्ड बदला. सर्वांत आधी ई-मेलचा, कारण बाकी सगळ्या किल्ल्या त्याच खुंटीवर टांगलेल्या असतात. मग बँकेचा. पासवर्ड बदलताना 'सर्व ठिकाणांहून बाहेर पडा' हा पर्याय जरूर वापरा, म्हणजे चोरलेले प्रवेशपास रद्द होतात. ई-मेलच्या सेटिंगमध्ये तुमची पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी घालून ठेवला आहे का, तेही पाहा. माझ्या बाबतीत तो सापडला.

३. बँकेला लगेच कळवा. इथल्या बँकांनी २०२२ पासून 'किल स्विच'ची सोय केली आहे. तिने तुमची खाती तुम्हाला स्वतःलाच तातडीने गोठवता येतात.

४. फसवणुकीबाबत शंका असल्यास सिंगापुरात १७९९ या स्कॅमशील्डच्या क्रमांकावर दिवसरात्र सल्ला मिळतो. पैसे गेले असल्यास पोलिसांत तक्रार करा. भारतातील नातेवाइकांचे पैसे गेले असतील तर त्यांनी तिथे १९३० हा क्रमांक ताबडतोब लावावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी अडवता आले तरच उपयोग, म्हणून इथे एकेक तास मोलाचा असतो.

५. संगणक नुसता 'साफ' करून समाधान मानू नका. मी तो जवळच सिम लिम स्क्वेअरमध्ये एका जाणकाराकडे नेला. त्याचे मत पडले की कागदपत्रे आणि छायाचित्रे बाजूला काढून संपूर्ण डिस्क पुसावी आणि विंडोज नव्याने घालावे. दडलेली एखादी नोंद राहून गेली तर रोग उलटतो.

नेहमीचे पथ्य

शेपटी उघडी ठेवा. विंडोजच्या फाईल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू' या मथळ्याखाली फाईल नेम एक्स्टेन्शन्स दाखवण्याची सोय आहे. ती चालू करा. करारनाम्याच्या नावापुढे पीडीएफ किंवा डॉक दिसणे योग्य. जेएस, व्हीबीएस, एचटीए किंवा ईएक्सई दिसले तर तो कागद नाही, हुकूम आहे.

नोकराच्या हातून चिठ्ठी काढून घ्या. जेएस आणि व्हीबीएस फाईली नेहमी 'नोटपॅड'मध्येच उघडतील अशी निवड करून ठेवता येते. उजवी टिचकी, 'ओपन विथ', नोटपॅड आणि 'नेहमी'. मग चुकून टिचकी पडलीच तर आज्ञा अमलात येत नाही, नुसती वाचायला मिळते. वेबसाईटांवर त्याचा काही परिणाम होत नाही. माझ्या संगणकावर हे आधी केले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

कोणतेही वेबपान, ई-मेल किंवा फोनवरचा मनुष्य तुम्हाला काहीतरी चिकटवून एंटर दाबायला सांगत असेल तर पान बंद करा. माणूस असल्याचा पुरावा द्यायला अशा कळा कधीही लागत नाहीत.

कायदेशीर नमुने वकिलाकडून, उच्चायुक्तालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा सरकारी विभागाकडूनच घ्या. वाचलेले दोन दिवस मला फार महाग पडले.

बँकेचा पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांक ब्राउझरला सांभाळायला देऊ नका. संगणकाच्या सुरक्षा-दुरुस्त्या वेळेवर घ्या. विंडोज १० ला मिळणाऱ्या सर्वसाधारण मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, तेव्हा जुना संगणक वापरणाऱ्यांनी याचा विचार करावा. महत्त्वाच्या फाईलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

जी रक्कम रोज लागत नाही तिला 'मनी लॉक' लावा. इथल्या प्रमुख बँकांनी ही सोय नोव्हेंबर २०२३ पासून दिली. कुलूपबंद रक्कम ऑनलाइन हलवता येत नाही, मग पासवर्ड कोणाच्याही हाती लागो.

फोनकडेही लक्ष असू द्या. २०२३ साली सिंगापुरात फोनमध्ये घातक ॲप घालायला लावून पैसे काढण्याच्या सुमारे १,९०० तक्रारी पोलिसांकडे आल्या आणि त्यात ३ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास रक्कम गेली. तिथे लोकांना घरसफाई किंवा किराण्याच्या सवलतीचे निमित्त करून ॲप उतरवायला सांगत. अधिकृत दुकानाबाहेरचे ॲप घालू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

शेवटचे पथ्य घरातले आहे. आमच्या घरी आता असे ठरले आहे की खाते क्रमांक बदलल्याचा निरोप कोणाकडूनही आला तरी फोन करून आवाज ऐकल्याशिवाय पैसा हलवायचा नाही. फोन करायचा तोही आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर. शिवाय आम्ही भावंडांनी एक खुणेचा प्रश्न ठरवला आहे, ज्याचे उत्तर आईलाच आणि आम्हालाच ठाऊक आहे. तो कोणता, हे अर्थातच इथे छापता येणार नाही!

आईची शस्त्रक्रिया माघात झाली. आता ती काठी न घेता देवळापर्यंत जाते. घराचा व्यवहारही रीतसर पूर्ण झाला. मुखत्यारपत्र अखेर वकिलांनीच करून दिले.

वाचकांपैकी कोणाच्या संगणकावर अशी काळी चौकट चमकून गेली असेल आणि सांगायला संकोच वाटत असेल, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटा. ताप आला तर आपण तो लपवत नाही, डॉक्टरांकडे जातो. याही रोगाचे तसेच आहे. जितक्या लवकर सांगाल तितके कमी गमवाल. मी दोन दिवस थांबलो होतो.